धुऱ्यावरचं फ्रेंच

भंडारा जिल्ह्यात तळी किती, हे मला कोणी विचारू नये; पण मूळ फ्रेंचमधून फ्रेंच कादंबऱ्या वाचणारी माणसं किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. एक. आणि तो एक माझा सासरा आहे. खुद्द पॅरिसातसुद्धा आता इतक्या निष्ठेनं कोणी कादंबरी वाचत नसेल, असं माझं ठाम मत आहे. मी पॅरिसला गेलेलो नाही, ही गोष्ट वेगळी. मी लाखनीला शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे पुराव्याशिवाय बोलू नये हे मला कळतं. पण मामाजींचा विषय निघाला की माझ्यातला मास्तर रजेवर जातो आणि उरतो तो नुसता जावई. कधी एकदा सगळं सांगतो असं होऊन जातं. समोरच्याला चहा विचारायचा असतो, तोही राहून जातो.

मामाजी चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत स्टोअरकीपर होते. एकदा पाणी उपसायला तिथे फ्रान्सहून एक पंप आला. बोटीनं येता येता त्याची इंग्रजी पुस्तिका कुठे राहिली देव जाणे. पेटीतून निघाली ती फक्त फ्रेंच. साहेब लोकांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि स्टोअरमध्ये जमा केली. आता स्टोअरमध्ये जमा झालेली वस्तू नेमकी काय आहे हे स्टोअरकीपरलाच माहीत नसावं, ही गोष्ट मामाजींना सहन होणारी नव्हती. पुढच्याच रविवारी ते नागपूरला गेले, सीताबर्डीच्या फुटपाथवरून एक जाडजूड शब्दकोश घेऊन आले आणि चार महिन्यांत त्यांनी ती पुस्तिका पाठ केली. पंप सुरू झाला. मामाजी मात्र थांबले नाहीत. त्याच रद्दीवाल्याकडून त्यांनी एक फ्रेंच कादंबरी आणली, तीही जाडी बघून निवडलेली. त्यांचं सगळं फ्रेंच पंपातून आलेलं, त्यामुळे नायिकेच्या मनात काय चाललंय हे त्यांना शंभर पानं समजलं नाही. पण तिच्या घराचं छप्पर गळतं हे पहिल्या पानावरच समजलं, आणि ते कसं दुरुस्त करायचं हेही. "प्रेमाचे शब्द मांगून आले, जवाईबापू," ते सांगतात. "पैले वॉशर आला."

निवृत्त झाल्यावर ते मोहाडीजवळच्या आपल्या गावी, धानाच्या शेतीवर आले, आणि मग तर त्यांच्या वाचनाला धरबंधच राहिला नाही. सकाळी आंघोळीशिवाय पुस्तकाला हात नाही. पारोशा माणसाला फ्रेंच क्रियापद दाद देत नाही, अशी त्यांची समजूत आहे. तळ्याकडे तोंड करून खुर्ची, शेजारी स्टुलावर शब्दकोश, आणि अडलेला प्रत्येक शब्द खडूनं दाराच्या मागच्या बाजूला. त्या घरातल्या दारांचा मागचा रंग कोणता, हे गेल्या कित्येक वर्षांत कोणी पाहिलेलं नाही. नऊ वाजता पुस्तक बंद. मग शेत, आणि दुपारी जेवण. जेवणात सासूबाईंच्या हातची तळ्यातल्या झिंग्यांची भाजी असली की भात दोनदा. दुसऱ्यांदा भात हवा असला की ते मागत नाहीत, ताट फक्त चार बोटं पुढे सरकवतात, आणि सासूबाई पातेलं घेऊन आधीच उभ्या असतात.

भाषांतर या गोष्टीचा त्यांना मनापासून राग. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी मोठ्या हौसेनं एका फ्रेंच कादंबरीचं इंग्रजी भाषांतर त्यांच्यासाठी घेऊन गेलो होतो. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि म्हणाले, "जवाईबापू, मले पान खायाचं असन तं मी सोता चावतो. दुसऱ्यानं चावून देल्लेलं पान मी तोंडात घालत नाही." माझं ते पुस्तक आजही त्यांच्या घरी आहे. दिवाणाचा एक पाय आखूड आहे, त्याच्याखाली. माझी मुलगी नागपूरला शिकते. तिनं एकदा आजोबांना मोबाइलवर एक खरा फ्रेंच माणूस बोलताना ऐकवला. मामाजींनी पाच मिनिटं लक्ष देऊन ऐकलं. "हा अर्धे अक्षरं गिळून राहिला," ते म्हणाले. "जेवला नाही वाटते बिचारा." ते स्वतः प्रत्येक अक्षराला न्याय देऊन, पोथी वाचावी तसं खणखणीत वाचतात.

पण खरी गंमत पुढे आहे. स्टोअरकीपरचा पिंड जात नाही. कादंबरीत शंभर-शंभर माणसं, त्यांची चार-चार हात लांब नावं, कोण कुठे गेलं याचा पत्ता लागेना, म्हणून मामाजींनी प्रत्येक पात्राचं एक कार्ड केलं. अगदी स्टोअरमध्ये बेअरिंगचं असतं तसं. वर नाव. खाली आवक, म्हणजे हे माणूस कोणत्या पानावर आलं. मग ठिकाण, म्हणजे सध्या कुठे आहे. मग शिल्लक, आणि शेवटचा रकाना खारीज. मोडीत निघालेला माल खारीज, तसं मेलेलं माणूस खारीज, लाल शाईनं, पान क्रमांकासह. ही सगळी कार्डं बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा आनंदानं मला बसवेना.

आणि या कादंबऱ्या ते स्वतःपुरत्या ठेवत नाहीत. रोवणीच्या दिवसांत बायका बांधीतल्या, धानाच्या खाचरातल्या चिखलात वाकून परे, ती कोवळी रोपं, रोवत मागे मागे सरकतात, आणि मामाजी छत्री धरून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, त्यांच्याबरोबर चालतात. सकाळी जेवढं वाचलं तेवढं दुपारपर्यंत सांगून संपवायचं. गावात ज्या शेतावर मामाजी, तिथे मजूर कमी पडत नाहीत. एका वर्षी अशीच एक कादंबरी चालू होती; त्यातली एक शिवणकाम करणारी पोरगी तापानं फणफणली होती. रोवणाऱ्या बायकांची पुढारी शेवंताबाई, ती हातात परे तसेच धरून उभी राहिली. "त्या पोरीजवळ कोणी बसत काहून नाही?" मामाजी म्हणाले, तिचं कोणी नाही. बस, शेवंताबाईनं सगळ्या बायकांच्या वतीनं गावच्या देवीला, मातामायला, नारळ बोलला. आणि पोरगी मोठ्या अडचणीत आहे, उशीर नको, म्हणून नवस पावायची वाट न पाहता दुसऱ्याच दिवशी सकाळी येतानाच फोडलाही. रविवार होता, मी तिथेच होतो. बायका बांधीत उतरल्या, शेवंताबाईनं मामाजींच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि विचारलं, "कशी आहे आता?" मामाजींनी तुकडा तोंडात टाकला. तो त्यांनी फार वेळ चावला. मग म्हणाले, "उठली. पेज प्याली थोडी."

त्या दिवशी बांधी दुपारच्या आतच रोवून झाली. बायका गात होत्या, मलासुद्धा काठावरून ओरडून काहीतरी म्हणावंसं वाटत होतं. घरी झिंग्यांची भाजी होती. तरी मामाजींनी भात दुसऱ्यांदा घेतला नाही. पावसात भिजल्यानं कणकण आली असेल, असं मी मनाशी म्हटलं.

पुढे कितीतरी दिवसांनी मी तो डबा सहज चाळत बसलो होतो आणि त्या शिवणाऱ्या पोरीचं कार्ड हाती लागलं. लाल शाईत, खारीज. मी दुसरं कार्ड काढलं. एक म्हातारा सैनिक. मामाजींनी सांगितल्याप्रमाणे तो मुलीकडे राहायला गेला होता. खारीज. जहाजावरचा तो हसतमुख खलाशी, खारीज. मोहाडीच्या धुऱ्यावर सुखानं नांदणारी निम्मी फ्रेंच माणसं मुळात केव्हाच वारलेली होती. ज्या माणसानं माझं भाषांतर दिवाणाखाली घातलं, तो स्वतः राजरोस माणसं जिवंत करत होता. माझ्या पोटात काही राहत नाही. मी तडक स्वयंपाकघरात गेलो आणि सासूबाईंना सगळं सांगून टाकलं.

त्या झिंगे निवडत होत्या. "मले माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"ज्या दिवशी पुस्तकात कोणी मरते, त्या दिवशी हे ताट पुढं सरकवत नाहीत." त्यांनी झिंग्यांवर पाणी ओतलं. "त्याईले सांगू नका, बापू. मेलेल्याईले उठवू उठवू त्याईचा दिवस चांगला जाते."

मी सांगितलं नाही. मग गेल्या वर्षी सासूबाईंना धाप लागायला लागली. चुलीपासून दारापर्यंत आल्या की खांबाला धरून उभ्या राहत. नागपूरच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप बदलावी लागेल म्हणून सांगितलं. त्या वेळी मामाजींची एक कादंबरी चालली होती, कालव्याच्या फाटकावर राहणाऱ्या एका म्हातारीची. बोट आली की फाटक उघडायचं, गेली की लावायचं. तिलाही धाप होती. सासूबाई तिला फाटकवाली म्हणत आणि आपल्याआधी तिची चौकशी करत. अकरा पानं उरली असताना मामाजींनी वाचणं बंद केलं. तीन आठवडे तळ्याकडची खुर्ची रिकामी. विचारलं की म्हणत, "डोळे दुखून राहिले." पण वर्तमानपत्रातली बारीक अक्षरातली जाहिरात त्यांना लांबून दिसत होती. एवढ्या वर्षांत मामाजी घाबरलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्यामुळे मीही घाबरलो होतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी दवाखान्यात आम्ही तिघं सासूबाईंच्या खाटेजवळ होतो. मामाजी, मी आणि जेवणाचा डबा घेऊन आलेली माझी बायको. सासूबाईंनी विचारलं, "फाटकवालीचं काय झालं?"

"वाचलं नाही अजून."

"पुस्तक आणलं आहे न?"

ते पिशवीत होतं, रिपोर्टच्या फाइलखाली.

"तं वाचा. इथंच. मोठ्यानं."

"घरी गेल्यावर सांगतो न तुले, मराठीत."

"मराठीत तुमी लबाड बोलता," सासूबाई म्हणाल्या. "तिकडच्या भाषेत वाचा."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. "तुले समजन काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमचं तोंड समजते मले."

मग त्यांनी चष्मा पुसला, आंघोळीची सोय नव्हती म्हणून नुसते हात धुतले, आणि वाचायला सुरुवात केली. एकेका अक्षराला न्याय देत, खणखणीत. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मुलानं मोबाइलचा आवाज बंद केला. औषध द्यायला आलेली सिस्टर ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. आमच्यापैकी कोणालाही एक शब्द समजत नव्हता. मामाजींना दोन पानं गाळता आली असती, एखादं आनंदाचं पान मागून काढून परत वाचता आलं असतं, कोणाला कळणार होतं? त्यांनी एक ओळ गाळली नाही. नवव्या पानावर त्यांचा आवाज बसला. ते थांबले, पाणी प्यायले, आणि अकरावं पान संपेपर्यंत वाचत राहिले. सासूबाई सगळा वेळ त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली," मामाजी म्हणाले. "फाटक उघडून ठेवलं होतं तिनं."

"बोट गेली न पलीकडं?"

"गेली."

"मंग ठीक आहे. आता जेवा. आन भात दोनदा घ्या, मी पाहून राहिली."

बायकोनं डबा उघडून ताट वाढलं. मामाजी जेवले. पहिला भात संपला, आणि मग त्यांनी ताट चार बोटं पुढे सरकवलं. मला रडू आलं. डोळ्यात काही गेलं म्हणण्याची सोय होती, पण ती मी वापरली नाही.

सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या. यंदाच्या रोवणीला त्यांची खुर्ची धुऱ्यावर होती, बिनमिठाचं जेवण डब्यात बांधून. मामाजी आता मेलेल्यांना मेलेलं सांगतात. शेवंताबाईला हे पसंत नाही. "पैलेच्या पोरी मरत नव्हत्या," ती म्हणाली, "आताच काहून मरून राहिल्या?" मामाजींनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. "वय झालं त्याईचं," ते म्हणाले. बायका हसल्या, मग थोड्या रडल्या, आणि बांधी रोवून झाली.

त्याच दिवशी मामाजींनी मला डब्यातून एक कार्ड काढून आणायला सांगितलं. शोधता शोधता हात तळाशी गेला आणि सगळ्यांत जुनं, पिवळं पडलेलं एक कार्ड वर आलं. नाव सासूबाईंचं. आवक, लग्नाची तारीख. ठिकाणाच्या खाली ओळीनं, चिखला, क्वार्टर, मग गाव, मग पेन्सिलीनं, अगदी पुसट, नागपूर, दवाखाना, आणि त्याखाली ताज्या निळ्या शाईत, ठळक, पुन्हा गाव. शिल्लक, एक. मी लाल शाईचा रकाना शोधला. खारीज हा रकाना त्या कार्डावर आखलेलाच नव्हता.

मी ते होतं तसं तळाशी ठेवलं, झाकण लावलं आणि जेवायला गेलो. ही गोष्ट मी अजून बायकोलासुद्धा सांगितलेली नाही.