तोंडातल्या टाचण्या

माझी नणंद पासष्टीची आहे आणि अजून बायकांचे कपडे शिवते. हात सफाईदार, जीभ कात्रीहून तेज. एखादी म्हणाली, "झगा काखेत घट्ट झालाय," की हिचं उत्तर तयार: "झगा होता तेवढाच आहे, बाई."

या जिभेपायीच मुलगा घर सोडून गेला. छापखान्यातली नोकरी सोडून आला, तेव्हा गिऱ्हाइकांसमोर त्याला म्हणाली, "पुन्हा मला तोंड दाखवू नकोस." त्याने ते मनावर घेतलं. आठ वर्षं पत्र नाही, फोन नाही.

तिने चर्चमध्ये पापनिवेदनात हे सांगितलं. फादर म्हणाले, "राग आला की तीन श्वास घ्या."

"फादर, तिसऱ्या श्वासापर्यंत माझी पाच वाक्यं होऊन जातात."

बायबलात सांगितलेल्या पवित्र आत्म्याच्या फळांत संयम सगळ्यांत शेवटी येतो, म्हणून आपण तिथवर पोचतच नाही, असं ती मला हसत सांगायची. पण रोज सकाळी गुडघे टेकून मागायची तेवढंच. उपाय कामातच सापडला. कपडा अंगावर बेतताना ओठांत धरलेल्या टाचण्या तिने नंतरही काढायच्या नाहीत असं ठरवलं. चार टाचण्या तोंडात असल्यावर माणूस "हं"पलीकडे काय बोलणार? बायका म्हणू लागल्या, "बाई मवाळ झाल्या हो!"

मागच्या वर्षी मुलाचा फोन आला. मग दर रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो की यायचा. ती फोनचा आवाज मोठा करून मशीनपाशी बसायची, टाचण्या तोंडात. "कधी येतोस?" हे विचारलं की पाठोपाठ "इतकी वर्षं का नाही आलास?" येणार, आणि मग भांडण आलंच, ही धास्ती. तो खोलीबद्दल, कामाबद्दल सांगायचा. ती "हं" करायची, बाकीचं मी बोलायची. फोन ठेवला की मला विचारायची, "वहिनी, आवाज बसलेला वाटला का गं त्याचा? सर्दी असेल."

गेल्या रविवारी तो बोलता बोलता थांबला. म्हणाला, "मामी, आईचा राग काही गेलेला नाही. वर्षभर नुसतं 'हं' ऐकतोय मी. यापुढे नाही त्रास देत तिला."

नणंदेने घाईघाईने टाचण्या काढल्या, दोन खाली पडल्या.

"राग नाही रे," ती म्हणाली. "मी चुकले होते. तू ये."

तो म्हणाला, "बघतो."

"बघतो म्हणजे काय?" हे तिच्या गळ्यापर्यंत आलेलं मला दिसलं. आता तोंडात काहीच नव्हतं. तिने डोळे मिटले, सकाळची प्रार्थना पुटपुटली.

"बरं, बाळा," एवढंच म्हणाली.

तो राहतो तिथून यायला दोन दिवस लागतात, हे तिला माहीत आहे. तरी दुपारभर ती दाराकडे तोंड करून बसली, आणि मी दार लावलं नाही.