दहाव्याचा सॅक्सोफोन

श्रीरामपुरात जॅझ कुठं ऐकायला मिळतं, असं कुणी विचारलं असतं, तर स्टेशनाजवळच्या पानवाल्यानं चुन्याचं बोट तसंच रस्त्यापलीकडं दाखवलं असतं, "त्या बँडच्या दुकानात. पन सुपारी नसंल त्या दिवशी जा. सुपारी आसली की तेच ते वाजवत्यात."

सुपारी म्हणजे लग्नाचं काम. वरातीत अमृत भिंगारदिवे लोक म्हणतील ते सॅक्सोफोनवर वाजवी. जरा कुठं सूर वळवून पाहिला की नवरदेवाचा मामा घाम पुसत कानाशी येई, "ओ मास्तर, हे काय रडगानं? नाचायचं लावा." अमृत मान हलवी आणि नाचायचं लावी.

रिकाम्या दुपारी मात्र शटर अर्धं ओढून तो आणि ड्रमवाला हनुमंत दोघंच बसत. मुंबईच्या हॉटेलांत वाजवून म्हातारपणी गावी परतलेल्या अमृतच्या मामानं त्याला जॅझ शिकवलं होतं. आधी चाल सरळ वाजवायची, मग ती सोडून मनाला येईल तिकडं हिंडायचं, आणि शेवटी चालीवर परत यायचं.

हिंडणं अमृतला झकास जमे. सॅक्सोफोनातून तो एसटीच्या कंडक्टरला बोलता करी, पाद्रीबाबांचा खोकला काढी, कांद्याचा लिलाव पुकारी, आणि असं करता करता कुठल्या कुठं निघून जाई. परतणं जमत नसे. मग हनुमंत काड्या हवेत धरून म्हणे, "अमृता, घरी यायचं का न्हाई रं?" आणि ड्रमवर तीन ठोके देई. तिसऱ्या ठोक्याला अमृत चालीवर हजर. डबा घेऊन आलेली हनुमंताची बायको, झुंबरबाई, शटरखाली वाकून हे ऐकत थांबे. एकतीस वर्षं असंच चाललं.

"मी आधी गेलो तर दहाव्याला आपलं वाजव," हनुमंत एकदा म्हणाला होता. "वरातीतलं न्हाई. आपलं."

"आन् मी आधी गेलो तर?"

"मंग मी नुसते तीन ठोके देईन. आसशील तिथनं येशील."

यंदाच्या मे महिन्यात हनुमंत झोपेतच गेला. त्यानंतर अमृत रोज सॅक्सोफोन तोंडाला लावी, चाल वाजवी, आणि हिंडायची जागा आली की थांबे. निघालो तर परत कोण बोलावणार?

दहाव्याला बेलापूरला प्रवरेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे लिंबावर बसलेले, एकही खाली येईना. मेलेल्या माणसाचं मन कशात अडकलंय, ते ओळखून कबूल करावं लागतं, तेव्हा कावळा शिवतो. मेव्हणा हात जोडून म्हणाला, "दाजी, पोरीचं लगीन मी करतो." भाऊ म्हणाला, "दादा, बांधाचं भांडान मिटवलं समज." कावळे हलले नाहीत.

झुंबरबाईनं गळ्यात सॅक्सोफोन अडकवून मागं उभ्या असलेल्या अमृतकडं पाहिलं. "भाऊजी, त्यांचं तुमच्याकडं काय राह्यलंय?"

"वाजवायचं राह्यलंय, वहिनी. पन कावळे उडून जातील."

"जाऊ द्या."

"वहिनी, आगं पिंड तसाच राहील," दीर कुजबुजला.

"राहू दे. कावळ्यापरीस हेच त्यास्नी जास्त कळायचं."

पहिल्या सुरालाच लिंब रिकामा झाला. कुणीतरी पुटपुटलं, "घ्या. आता बसा तिन्हीसांजेपर्यंत."

चाल संपली. हिंडायची जागा आली. या वेळी अमृत थांबला नाही, निघाला. कंडक्टर आला, पाद्रीबाबा खोकले, आणि मागोमाग हनुमंत: तंबाखू मळतानाची त्याची टाळी, जिना चढतानाची धाप, पोट धरून हसणं. भाऊ मान खाली घालून ऐकत राहिला. गुरुजींनी हळूच दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. सतरंजी गुंडाळली गेली. अमृतला त्यातलं काहीच कळलं नाही. डोळे मिटलेले, मानेच्या शिरा ताठ. सूर बारीक होत लांब लांब चालला होता, आणि त्याला वाट सापडत नव्हती.

झुंबरबाई उठली. रिकामा तांब्या तिनं पायरीवर उपडा घातला.

"भाऊजी," ती म्हणाली, "घरी यायचं का न्हाई?"

आणि बोटांच्या पेरांनी तिनं तांब्यावर तीन ठोके दिले. तिसऱ्या ठोक्याला अमृत चालीवर आला, आणि ती त्यानं शेवटपर्यंत वाजवली.