ऐकणाऱ्यांकडे बघणारी शैला

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी भाकरी थापत होते. पुण्यात उपचारांसाठी ती ज्या मैत्रिणीकडे राहायची, तिचाच फोन होता. आमचे हे उसाला पाणी द्यायला मळ्यात गेलेले. त्या आठवड्यात लाईट दिवसाची होती. त्यांच्या खिशात मोबाईल होता, पण असली गोष्ट फोनवर सांगवेना. तवा खाली उतरवला आणि चालत निघाले. मला त्या वेळी बांधावरून येताना पाहूनच त्यांना काय ते उमगलं असावं. त्यांनी खोरं खाली ठेवलं, जाऊन मोटर बंद केली, परत येऊन बांधावर बसले. मग म्हणाले, "काल जेवली हुती का ती?" मी म्हटलं, "थोडा भात खाल्ला होता म्हणे." "बरं झालं," म्हणाले आणि सरीत साचलेल्या पाण्याकडे बघत बसले…

शैला माझी नणंद, यांची धाकटी बहीण. बाहेरच्या जगाला ती चित्रपट दिग्दर्शक म्हणून माहीत. ती गेल्यावर तिच्याबद्दल बरंच छापून आलं आणि प्रत्येकानं तिच्या एका सवयीचा उल्लेख केला. तिच्या चित्रपटांत बोलणारा माणूस सहसा दिसत नाही. त्याचा नुसता आवाज येतो, आणि पडद्यावर दिसतो तो ऐकणाऱ्याचा चेहरा. कितीतरी वेळ, हलत नाही तो कॅमेरा. कुणी याला प्रयोग म्हटलं, कुणी हट्ट. मी तिला एकदा सरळच विचारलं होतं, असं का गं करतेस? तांदूळ निवडत बसली होती. म्हणाली, "बोलणारा काय वहिनी, ठरवून बोलतो. ऐकणाऱ्याला चेहऱ्याचं काही ठरवता येत नाही." सिनेमातलं मला याहून जास्त कळत नाही. मी देवळाली प्रवऱ्यात प्राथमिक शाळेत शिकवलं आणि निवृत्त झाले. पण तिच्या पहिल्या चित्रपटातला ऐकणारा चेहरा माझा आहे, म्हणून हे लिहायला बसले.

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा शैला शाळेत होती. सासरे लवकर गेलेले. यांनी कॉलेज सोडून मळा हातात घेतला होता, आणि तेव्हापासून या घरात बोलायचं यांनी आणि ऐकायचं बाकीच्यांनी, असं चाललं होतं. वाईट माणूस नव्हे. बहिणीला पुण्याला सिनेमाचं संकलन शिकायला पाठवायचं म्हटल्यावर भावकीनं नाकं मुरडली. तेव्हा हेच ओसरीवर उभे राहून म्हणाले होते, "माझी बहीन हाय. ती काय शिकंल ते मी बघीन." स्वतः मोटारसायकलवरून तिला राहुरीच्या स्टँडवर सोडून आले. पण घरात यांचा आवाज एकच असायचा, चढा. मी एखाद्या गोष्टीत मत दिलं की, "तुला काय कळतंय त्यातलं?" शाळेतली कटकट सांगू लागले की, "आधी वाढ, मंग बोल." मला ते लागत नव्हतं असं नाही, पण सवय झाली होती. असंच असतं, असं मी धरून चालले होते.

पुण्याहून शिकून आल्यावर काही वर्षांनी शैलानं आमच्याच घरात तिचा पहिला चित्रपट केला, ‘वाढून ठेवलंय’. कारखान्याचा हंगाम संपला होता, मळ्यात काम कमी होतं आणि मला शाळेची सुट्टी होती. तिच्यासोबत पुण्याहून मोजकीच माणसं आलेली. गोष्ट एका शेतकरी कुटुंबातल्या सुनेची. ती सून मी व्हावं असं तिनं ठरवलं. मी म्हटलं, मला अभिनय येत नाही. ती म्हणाली, "नकोच. तुम्ही फक्त बसा आणि ऐका. ते तुम्हाला चांगलं येतं." यांना गंमत वाटली. रोज शूटिंगवाल्यांना मळ्यातल्या काकड्या आणून द्यायचे.

शूटिंग असं चालायचं की मी चुलीपाशी नाहीतर दाराच्या चौकटीत बसायचे आणि शैला कॅमेऱ्याच्या शेजारी बसून माझ्याशी बोलायची. काहीही. लहानपणी विहिरीत पडलेलं रेडकू कसं काढलं, सासूबाई शेवटच्या आजारात काय काय बोलल्या, पुण्यात पहिल्या आठवड्यात ती कशी रडली. मी ऐकायचे. मधूनच हसू यायचं, मधूनच डोळे भरायचे. गोष्टीतल्या नवऱ्याचा आवाज नंतर पुण्यात एका नटाकडून करून घेतला. तो काय बोलणार आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

नगरला एका सभागृहात चित्रपट पहिल्यांदा दाखवला. आम्ही दोघं नवे कपडे घालून गेलो, पुढच्या रांगेत बसलो. दिवे गेले, पडद्यावर आमच्या स्वयंपाकघराचा दरवाजा दिसला, त्यात मी. आणि आवाज आला, "तुला काय कळतंय त्यातलं?" मग, "आधी वाढ, मंग बोल." एकामागून एक. आवाज दुसऱ्याचा, वाक्यं यांची, शब्दन् शब्द. मागे लोक हसत होते. ओळखीचं वाटलं की माणसं हसतातच. मी मात्र पडद्यावरच्या बाईकडे बघत होते. ती मान खाली घालायची, आणि घालण्याआधी तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून जायचं. माझा चेहरा असा होतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. शेजारी पाहिलं तर खुर्ची रिकामी. हे मध्येच उठून गेले होते. मला नंतर स्टँडवर सापडले. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "माझ्याच घरात बसून माझंच बोलनं उचललं तिनं. इचारलं तरी आस्तं."

चित्रपटाला बक्षिसं मिळाली. शैलाचं नाव झालं. आणि बहीणभावातलं बोलणं थांबलं.

ती दर भाऊबीजेला यायची, हे सांगितलं तर लोकांना खरं वाटत नाही. सकाळच्या गाडीनं यायची, मी पाट मांडायचे, हे अंघोळ करून, टोपी घालून पाटावर बसायचे. ती ओवाळायची. हे ताटात ओवाळणी घालायचे. ती वाकून नमस्कार करायची, हे तिच्या डोक्यावर हात ठेवायचे. बोलणं नाही. मग ती माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि हे मळ्यात निघून जायचे. अशी कितीतरी वर्षं गेली. तिनं कधी एक भाऊबीज चुकवली नाही आणि यांनी कधी पाटावर बसायचं टाळलं नाही. मी दोघांनाही बोलून पाहिलं. हे म्हणायचे, "मी काय तिला येऊ नको म्हनलोय का?" ती म्हणायची, "दादा चुकीचं बोलत नाही वहिनी, पण मी आता तो सिनेमा परत कसा घेऊ?"

दुसरा चित्रपट तिनं सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या बायकांवर केला. सुपरवायझर बोलतो, बायका ऐकतात, आणि आपण त्या बायकांच्या चेहऱ्यांवरून त्याला ओळखतो. तोही नावाजला गेला. मग मुंबईचा एक निर्माता आला. मोठा नट होता, कोपरगावला गोदावरीच्या काठावर चित्रीकरण होतं. नटाचं एक लांबलचक भाषण होतं आणि शैलानं कॅमेरा लावला तो भाषण ऐकणाऱ्या म्हाताऱ्या आईवर. नट नाराज झाला. निर्मात्यानं तिला समजावलं की लोक तिकीट काढून याला बघायला येतात. तिनं सांगितलं की या भाषणात बघण्यासारखं जे आहे ते आईच्या तोंडावर आहे. शेवटी तिनं ते काम सोडलं आणि चित्रपट दुसऱ्या कुणी पुरा केला. त्यानंतर तिला कुणी बोलावेना. ती फार ताठ होती, हे मी तिची वहिनी असूनही म्हणते. थोडं वाकली असती तर अजून दोन-तीन चित्रपट झाले असते… पण मग ते तिचे झाले असते का, कोण जाणे.

पोटापाण्यासाठी ती नगरला एका स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायला लागली. तिथंही तिची सवय सुटली नाही. मंगलाष्टकं चालू असताना नवरा-नवरी दिसायची सोडून मुलीच्या आईचा, नाहीतर मांडवाच्या कडेला उभ्या राहिलेल्या बापाचा चेहरा. गिऱ्हाइकं भांडायला यायची. एक बाई तर कॅसेट परत करायला आली, आणि दोन वर्षांनी पुन्हा आली. तिची आई वारली होती. म्हणाली, "आईचा तेवढाच चेहरा हाय माझ्याकडं. आजून एक करून द्या." हे सांगताना शैला हसत होती, पण मला वाटतं, तिच्या सगळ्या बक्षिसांपेक्षा ती बाई तिला जास्त जवळची होती.

मग तिचं दुखणं निघालं. लग्न केलेलं नव्हतं, नगरच्या खोलीत एकटी राहायची. मी यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, जेवण पुरं केलं आणि म्हणाले, "खालची खोली मोकळी करतो. तिनं जिना चढायचा न्हाई." खतांच्या गोण्या त्या खोलीत असायच्या. स्वतः उचलून बाहेर काढल्या, भिंतींना चुना दिला. शैला कॉम्प्युटर, कॅमेरा घेऊन टेम्पोतून आली. उंबऱ्यात उभं राहून हे तिला म्हणाले, "न्हानीत पानी गरम हाय. जपून घे." इतक्या वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य. मी आत जाऊन उगाच भांडी आवरत बसले.

चार-सहा महिने बरे गेले. उपचारासाठी पुण्याला जायची, यायची. एका दुपारी तिनं ओसरीवर कॅमेरा लावला. मला वाटलं, आता माझी पाळी. पदर सारखा करून मी चौकटीत बसले. हे खाटेवर होते. शैला म्हणाली, "दादा, बोलशील माझ्याशी?" हे म्हणाले, "काय बोलू?" ती म्हणाली, "तुला वाटेल ते." आणि तिनं कॅमेरा माझ्याकडून वळवून यांच्याकडे केला. यांच्या ते पटकन लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

हे मग सासऱ्यांचं बोलायला लागले. "बाप गेला तवा मी कॉलेजात हुतो. तेराव्याला चुलत्यानं पागोटं बांधलं. लई जड लागलं ते… तवापासून मी बोलायचो आन् समदे खाली बघायचे. मला वाटायचं, ऐकत्यात. मोठ्यानं बोललं की आजून ऐकत्यात." थांबले. माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "त्या शिनेमात लोक हसले, त्याचं काही न्हाई. वाक्यं माझीच हुती. पन हिचं तोंड… ते मी कधी बघितलंच न्हवतं. बघवंना, म्हनून उठलो."

इतकी वर्षं मी समजत होते की यांना त्या वाक्यांचा राग आला. शैलाही तेच समजत होती. ती हळूच म्हणाली, "दादा, मी विचारायला पाहिजे होतं." "व्हय, पायजे हुतं," हे म्हणाले. "आता विचारते. हे घेऊ का?" यांनी खाटेची दोरी दोन वेळा ओढून पाहिली आणि म्हणाले, "घे."

नंतर मी तिला विचारलं, आयुष्यभर बोलणाऱ्याला दाखवलं नाहीस, आता का? उशीला टेकून बसली होती. म्हणाली, "दादा बोलताना आपण कुणी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं वहिनी. खाली मान घालून ऐकलं की नुसता आवाज कळतो. मी पण तेच केलं."

तो शेवटचा छोटा चित्रपट तिनं खालच्या खोलीतच जुळवला. खिडकीला काळं कापड लावून दिवसाचा अंधार करायची आणि बसायची. पुरा झाला तेव्हा आम्हा दोघांना बोलावून दाखवला. हे शेवटपर्यंत बसले. संपल्यावर म्हणाले, "म्हातारा दिसतो मी." ती म्हणाली, "आहेसच." दोघंही हसले. त्यानंतर पुण्याला गेली ती परत आली नाही.

तिची माणसं येऊन कॉम्प्युटर घेऊन गेली. तो चित्रपट पुण्यात दाखवणार आहेत. हे जाणार आहेत, कपडे इस्त्रीला टाकलेत. खोली आता रिकामी आहे. गोण्या परत ठेवायचं कुणी काढत नाही. मागच्या आठवड्यात मी झाडायला गेले तेव्हा खिडकीवरचं काळं कापड काढत होते, तर हे म्हणाले, "राहू दे. ऊन येतंय." ऊन त्या खिडकीतून सकाळी घटकाभर येतं, तेवढंच.

आणि अलीकडे एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. जेवताना यांना काही सांगायचं असलं, पाण्याच्या पाळीचं, खताचं, कुठलंही, तर हे घास हातात धरून थांबतात. मी वाढत असते, खाली बघत असते. मी मान वर करेपर्यंत ते थांबलेले असतात. मी बघते… मग बोलतात.