आठ ओहमचा डबा दिवाणाखाली

माझे सासरे, अण्णा, नोकरी सांभाळून तबला वाजवायचे आणि राजाजीनगरातल्या गाण्याच्या बैठकी त्यांच्याशिवाय होत नसत. मग कान गेले. यंत्र लावल्यावर कुकरची शिटी ऐकू यायला लागली, माझी बडबड तर नको तितकी. डग्ग्याचा घुमारा मात्र येईना. ‘नुसती टणटण कोण ऐकतंय,’ म्हणून त्यांनी तबलाच काय, गाणं ऐकणंही सोडलं. इतका बोलका माणूस गप्प बसलेला मला बघवेना.

मी पुण्याची, त्यात इलेक्ट्रिकल इंजिनिअर. म्हटलं, कानाला येत नाही ना, मग अंगाला जाणवू दे! नवऱ्याच्या जुन्या गाडीतला चार ओहमचा सबवूफर, म्हणजे खर्ज घुमवणारा डबा, माळ्यावर होता, होम थिएटरचा आठ ओहमचा टीव्हीखाली. चारवाला अण्णांच्या दिवाणाखाली सरकवला, आठवाला समोर ठेवला आणि दोन्ही एकाच अ‍ॅम्प्लिफायरला समांतर जोडले. अ‍ॅम्प्लिफायरला चार ओहमपेक्षा कमी रोध चालत नाही, असं त्याच्या पाठीवरच छापलं होतं. चार आणि आठ, कमी कुठे होतंय? समांतर जोडले की दोघांपेक्षाही कमी होतं, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण इतकी वर्षं व्हाइटफील्डला सॉफ्टवेअर केल्यावर माणूस अर्ध्या हळकुंडानं पिवळा होतो.

अण्णांच्याच एका जुन्या बैठकीचं रेकॉर्डिंग लावलं. दोन आवर्तनं झाली, लाल दिवा लागला आणि सगळं ठप्प.

‘सरी, सरी, ठीक आहे. होतं असं,’ असं त्यांच्या कानडी-मराठीत म्हणत अण्णा उठून आत गेले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

शनिवारी अ‍ॅम्प्लिफायर घेऊन शिवाजीनगर गाठलं, इथलं, पुण्यातलं नव्हे. दुरुस्तीवाल्या चाचांनी माझ्याकडून सगळी हकीकत ऐकत तो उघडला, हुंगला आणि बंद केला.

‘जला नहीं मॅडम, डरके बंद हुआ. दोनों को एक के पीछे एक जोडो.’

मी माझ्या पुणेरी हिंदीत वाद घातला, की तसं केलं तर आठवाल्याला दुप्पट ताकद मिळेल, चारवाला उपाशी राहील.

‘बुजुर्ग किसके ऊपर बैठते?’ चाचांनी विचारलं. ‘आठवाला उनके नीचे रखो. बराबर-बराबर किसको होना?’

मी अ‍ॅम्प्लिफायर उचलून घरी निघाले.

रविवारी सकाळी डब्यांची अदलाबदल केली, तारा एकामागोमाग एक जोडल्या. अण्णा माझं मन राखायला येऊन बसले. रेकॉर्डिंग सुरू झालं. थोड्या वेळानं त्यांचा तळवा दिवाणावर टेकला. मग बोटं चालायला लागली. मी लाल दिवा लागतोय का ते बघत होते.

‘थांब! स्वल्प मागं घे.’

मागं घेतलं. पुन्हा घेतलं. अण्णांचा चेहरा लाल झाला.

‘इथं समेवर मीच घसरलोय गं. आणि इतकी वर्षं सगळ्यांना सांगत फिरलो, की गाणाऱ्यानंच ताल सोडला म्हणून!’

मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही. ते म्हणाले, ‘हसतेस काय? फोन लाव त्याला.’

लावला. यंत्र लावूनही फोनवर पलीकडचं एक अक्षर त्यांना ऐकू येणार नव्हतं, त्यामुळे ते थांबलेच नाहीत.

‘अरे, तू बरोबर होतास,’ ते ओरडून सांगत होते. ‘माझंच चुकलं. आत्ता ऐकलं मी!’