दातु कल्हईवाल्याची दुसरी साक्ष

जंगबारच्या खोजा गल्लीत दातुभाईंच्या हाताखालून गेलं नाही असं भांडं नव्हतं. मुंद्र्याहून पोरवयात गलबतावर चढलेले दातुभाई मेराली त्या बेटावरच म्हातारे झाले. जमातखान्याच्या मागच्या बोळात त्यांचा भाता होता. नवसागराचा पांढरा धूर त्यांच्या दाढीत इतका मुरला होता की शुक्रवारी अत्तर लावूनही तो जात नसे. बायको देवीच्या साथीत गेली, मूलबाळ नव्हतं. कुणाचं देणंघेणं नाही, कुणाशी वैर नाही. गल्लीतल्या बायका पातेली घेऊन यायच्या आणि कथील वितळेपर्यंत मन मोकळं करून जायच्या. दातुभाई मान खाली घालून भाता ओढत ऐकायचे, पण इकडचं तिकडे कधी करायचे नाहीत.

त्यामुळेच जमातीत कुणी गेलं की चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला जमातीच्या म्होरक्याच्या, मुखीसाहेबांच्या शेजारी दातुभाईंचं पान असायचं.

हे चाळिसाव्याचं जेवण साधं नसे. जुन्या रिवाजाप्रमाणे मुलगा नसलेल्या माणसाचं घर त्याच्या भावाकडे जायचं, विधवेला अन्नवस्त्र तेवढं मिळायचं, आणि मुलींनी तर बापाच्या घराकडे बघायचंही नाही. बोलण्यात रिवाज असाच होता. पण चाळिसाव्याला ताटं वाढली जायची, वाफाळणारा पुलाव समोर यायचा आणि मुखीसाहेब हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. त्यांनी घास उचलला नाही तर कुणीच उचलायचा नाही. नुसतं बसायचं. पुलावावरचं तूप थिजायला लागायचं, पोरं आतून डोकवायची आणि सगळ्यांच्या नजरा मेलेल्याच्या भावावर. शेवटी तो घसा खाकरून म्हणायचा, "भाभीचं घर भाभीकडेच राहू दे. मला काय करायचंय?" मग मुखीसाहेब म्हणायचे, "बिस्मिल्ला." आणि तो भाऊ मोठ्या मनाचा ठरायचा. त्याला कुणी भाग पाडलं असं कुणी कधी बोललं नाही. दातुभाईंनी अशी कितीतरी ताटं थंड झालेली पाहिली होती. रागानं उठून गेलेला भाऊ मात्र पाहिला नव्हता.

जाफर सोमजी गेला तेव्हाही सगळ्यांनी तेच धरलं होतं. जाफरचा तेलाचा घाणा होता. खाली डोळे बांधलेला उंट दिवसभर फिरायचा, वर जाफर, त्याची बायको रेमतीबाई आणि दोन मुली. माणूस आनंदी, पण तापट. एकदा सुलतानाच्या शिपायांनी वेठीला म्हणून त्याचा उंट ओढून नेला. हा तडक इंग्रज वकिलातीत गेला आणि आपलं नाव इंग्रजांच्या रयतेत घालून आला. तेव्हा नवीनच तसं निघालं होतं. कच्छचे लोक आता साहेबाच्या छत्राखाली, त्यांचे खटले साहेबाच्या कचेरीत. संध्याकाळपर्यंत उंट परत आला. त्या रात्री जाफरनं गल्लीभर कडू कहाव्याचे पेले वाटले. "आता मला हात लावून दाखवा म्हणावं!" असं तो पुढे कितीतरी महिने सांगत असे. रेमतीबाई हसायची. "उंटापायी राजा बदलला यांनी," म्हणायची.

चाळिसाव्याला रेमतीनं स्वतः पुलाव रांधला. ताटं वाढली. मुखीसाहेब बसले, दातुभाई बसले. विरजीची, म्हणजे जाफरच्या धाकट्या भावाची, जागा रिकामी. वाट पाहून पाहून माणूस पाठवला. तो परत आला आणि दारातच उभा राहिला.

"विरजीभाई म्हणतात, तुम्ही जेवून घ्या. त्यांनी साहेबाच्या कचेरीत अर्ज टाकलाय, घराचा आणि घाण्याचा. तिथं ठरेल ते ठरेल."

मुखीसाहेबांचा हात मांडीवरून हललाच नाही. बऱ्याच वेळानं ते "बिस्मिल्ला" म्हणाले, पण ते कुणासाठी म्हणाले कुणालाच कळेना. पुलाव जवळजवळ तसाच आत गेला.

दुसऱ्या दिवशी रेमती डोक्यावरून चादर घेऊन सुलतानाच्या काझीकडे गेली. काझी म्हातारा अरब होता, मायाळू होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मुली, नवरा माझ्या हद्दीतला असता तर तुझा हिस्सा आणि मुलींचा हिस्सा मी आत्ता, या चटईवर बसून सांगितला असता. मुली अर्ध्याहून जास्तीच्या धनी झाल्या असत्या. पण तुझा नवरा साहेबाचा झाला, आणि त्याच्या मागे तूही."

"मी कुठं झाले? मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

"ते खरं," काझी म्हणाला आणि त्यानं मुलींच्या हातावर खजूर ठेवले.

साहेबाच्या कचेरीत मुंबईच्या न्यायाधीशांचं मत आधीच पोचलं होतं की खोजांच्या वारशात त्यांचा जुना रिवाज चालतो. पण इथला रिवाज काय, हे साहेबाला इथल्याच माणसाकडून ऐकायचं होतं. दोन्ही बाजूंना चालेल असा माणूस कोण? सगळ्यांनी दातुभाईंचं नाव घेतलं. रेमती तर निर्धास्त झाली. "दातुभाई आहेत ना," ती मुलींना म्हणाली, "त्यांना काय ठाऊक नाही?"

दातुभाईंनी नवी पगडी बांधली. कचेरीत बाकांवर भाटिया व्यापारी होते, अरब होते, गोव्याचे कारकून होते. त्यांच्या आधी दुसऱ्या कुठल्याशा जमातीच्या दोन भावांचा खटला चालला. मेलेल्या बापाच्या पलंगावरून दोघांनी एकमेकांची इतकी लक्तरं काढली की बाकांवरचे लोक तोंडाला उपरणी लावून हसत होते. दातुभाईंना ते बघवेना. आपल्या जमातीचं असं हसं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच त्यांच्या मनात ठाण मांडून बसलं.

कुराणावर हात ठेवून झाला. दुभाष्या गोकुळदास भाटियानं साहेबाचा प्रश्न कच्छीत सांगितला. "काका, तुमच्यात माणूस मुलगा नसताना वारला, तर घर कुणाचं?"

"भावाचं," दातुभाई म्हणाले.

"आणि विधवेचं काय?"

"तिचं अन्नवस्त्र दीर बघतो. आमच्यात दीर भावजयीला उघड्यावर टाकत नाहीत."

"मुली?"

"आमच्या मुली बापाच्या घरावर डोळा ठेवत नाहीत." हे म्हणताना त्यांची मान ताठ झाली होती.

"यात कधी बदल होतो?"

चाळिसाव्याचं ताट दातुभाईंच्या डोळ्यांपुढे आलं. थिजलेलं तूप, खाली घातलेल्या माना. पण हे परक्यांपुढे सांगायचं? आमच्या भावांना उपाशी बसवून लाज आणावी लागते, तेव्हा कुठे ते भाभीला घर सोडतात? या हसणाऱ्या बाकांपुढे?

"नाही साहेब. बापजाद्यांपासून हेच."

बाकावरून कुणीही हसलं नाही. दातुभाईंना बरं वाटलं. खाली उतरताना त्यांना वाटत होतं, झालं, रीतसर बोलणं झालं, आता मुखीसाहेब विरजीला समोर बसवतील आणि नेहमीसारखं होईल. त्यांची रेमतीशी नजरानजर झाली. ती त्यांच्याकडे ओळख नसल्यासारखी बघत होती.

निकाल झाला. ईद झाली की घराचा आणि घाण्याचा ताबा विरजीकडे.

दातुभाई त्याच पावली मुखीसाहेबांकडे गेले. मुखीसाहेबांनी विरजीला बोलावलं. तो आला, नम्रपणे वाकला, बसला.

"विरजी, निकाल तुझ्या बाजूनं लागला. आता जमातीचा मान ठेव," मुखीसाहेब म्हणाले.

"मुखीसाहेब, मान तर ठेवलाच. आपल्या दातुभाईंनी कुराणावर हात ठेवून सांगितलं, त्याच्या बाहेर मी एक पाऊल टाकलं का?" विरजी दातुभाईंकडे वळला. "काका, तुम्हीच म्हणालात, कधी बदल होत नाही. मग आता माझ्यासाठीच बदल कशाला मागता?"

"अरे, ते म्हणायचं असतं!"

"मग मीही म्हणतो, भाभीचं अन्नवस्त्र बघीन. तेवढंच रिवाजात आहे."

मुखीसाहेबांनी आतल्या दाराकडे पाहिलं. जेवणाची वेळ होती, आतून ताटांचा आवाज येत होता. पण ज्याला साहेबाचा शिक्का मिळाला आहे त्याच्यापुढे ताट ठेवून बसण्यात काही अर्थ राहिला नव्हता, हे तिघांनाही कळत होतं.

त्यानंतर दातुभाईंचा भाता थंड पडला. बायका पातेली दारापर्यंत आणायच्या आणि त्यांना पाहून तशीच घेऊन जायच्या. काही आणायच्याच नाहीत. एके दिवशी रेमतीची थोरली, मोंघी, एक कढई घेऊन आली आणि दाराबाहेरूनच म्हणाली, "आई म्हणते, घर सोडायचंय तर भांडी धड करून घ्यावीत. करणार का?"

"आत ये ना पोरी."

"नको. आई म्हणते, डोळा ठेवायचा नाही कुठल्या घरावर."

दातुभाईंनी कढई घेतली. कल्हई करताना त्यांचा हात भाजला, आयुष्यात पहिल्यांदा. कढई परत देऊन ते तसेच, हाताला फडकं गुंडाळून, कचेरीकडे निघाले.

साहेब वाईट माणूस नव्हता. ताबा अजून द्यायचा होता, म्हणून त्यानं म्हाताऱ्याला पुन्हा उभं राहू दिलं. या खेपेला दातुभाईंनी सगळं सांगितलं. पुलाव, मुखीसाहेबांचा मांडीवरचा हात, खाकरणारे भाऊ. ज्यांच्या विधवा अजून आपल्याच घरात राहत होत्या त्यांची नावंसुद्धा सांगितली. बाकांवर हसू फुटलं. त्यांनी तिकडे पाहिलं नाही. पहिल्याच रांगेत बसलेल्या विरजीचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

साहेबानं कपाळ चोळलं आणि गोकुळदासमार्फत विचारलं, "मागच्या वेळी मी विचारलं, यात कधी बदल होतो का. तुम्ही नाही म्हणालात. ते खरं होतं की खोटं?"

"साहेब, ते अर्धं होतं. तोंडानं रिवाज तसाच सांगतात, पण करताना—"

"खरं की खोटं?"

गोकुळदासनं कच्छीत आपल्या पदरचं एक वाक्य जोडलं. "काका, नीट विचार करा. तुमचं उत्तर मी इंग्रजीत सांगितलं की परत घेता येणार नाही. कुराणावर हात होता तुमचा."

दातुभाईंनी फडकं गुंडाळलेल्या हाताकडे पाहिलं. मागचं उत्तर तसं खोटं नव्हतं. त्यांनी उभ्या आयुष्यात शपथेवरच काय, साध्या कथिलाबद्दलही खोटं सांगितलं नव्हतं. पण खरं म्हटलं तर रेमतीचं घर गेलं, आणि आत्ता सांगितलेलं सगळं हवेत.

"खोटं," ते म्हणाले.

"काका!"

"सांग त्याला. दातु मेराली खोटं बोलला."

गोकुळदासनं सांगितलं. साहेबानं लेखणी खाली ठेवली. मग म्हणाला, शपथेवर दोन वेळा दोन गोष्टी सांगणाऱ्याची एकही गोष्ट धरता येत नाही. दातुभाईंच्या दोन्ही साक्षी बाजूला झाल्या. उरलं मुंबईचं मत आणि विरजीनं आणलेला एक दूरचा चुलता. त्यानं तोच रिवाज सांगितला होता. निकाल तसाच राहिला. खोट्या साक्षीबद्दल दातुभाईंना समुद्राकाठच्या किल्ल्यात नेऊन बसवलं.

किल्ल्यातल्या कैद्यांना जेवण घरून येतं. दातुभाईंना घर नव्हतं. पहिले काही दिवस शेजारचा एक मासेमार कैदी आपल्यातला उकडलेला मोगो कंद त्यांना देत होता. ईदनंतर एका दुपारी पहारेकऱ्यानं हाक मारली. गजांपलीकडे रेमती उभी होती, हातात फडक्यात बांधलेली खिचडी-कढीची वाटी.

"खा," ती म्हणाली. "आणि माझ्याकडे बघू नका. मला अजून राग आहे."

"घर सोडलंस?"

"परवा. भट्टीच्या बोळात एक खोली मिळाली. खाली कोंबड्या आहेत, वर आम्ही. विरजी भाऊजी अन्नवस्त्र पाठवतात, रिवाजात बसतं तेवढं." ती गजाला टेकली. "उंट फार ओरडला, दातुभाई. मोंघीला वाटलं आपल्यासाठीच ओरडतोय. त्याला काय, त्याला पाणी वेळेवर दिलं नव्हतं त्यांनी."

दातुभाई बोटांनी खिचडी चिवडत राहिले.

"खोटं बोललात म्हणून कबूल केलंत," ती म्हणाली. "सगळी गल्ली म्हणते, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, त्यानं काही होणार नाही."

"विचारलं नाही."

"मला कुणीच विचारत नाही. ते पहिल्यापासूनच आहे." ती जराशी हसली, पण ते हसू टिकलं नाही. "एक गोष्ट मात्र झाली. त्या दिवशी तुम्ही नावं घेतलीत ना भर कचेरीत, ती ऐकून बायकांनी उच्छाद मांडलाय. आपली रहमतभाभी. तिलाही दोन मुलीच. तिनं नवऱ्याला मुखीसाहेबांपुढे उभं केलं आणि जिवंतपणीच घर मुलींना देऊन टाकायला लावलं, चार साक्षीदारांपुढे. आता त्याच्या भावाला साहेब काय देणार? नवरा घराचा धनीच उरला नाही."

"आणि दिलं त्यानं?"

"न देऊन सांगतो कुणाला? जेवायला तिच्याच हातचं आहे ना."

दातुभाईंनी मान हलवली. खिचडीत तूप होतं, गरम होतं.

"चांगलं केलं तिनं," ते म्हणाले.

"हो. चांगलं केलं." रेमती मागे वळून समुद्राकडे बघू लागली. "जाफर असते तर मीही केलं असतं. त्यांना कुठं माहीत होतं, उंट आणायला गेलो आणि काय आणलं ते." मग तिनं डोळे पुसले आणि वाटीसाठी हात आत घातला. "संपवा लवकर. पोरी एकट्या आहेत खोलीत."