गिनती पुरी न्हाई

तुम्ही सिव्हिलियन मंडळी भेटलात की एकच विचारता, "सुभेदार साहेब, बर्फात महिनोन्‌महिने करता तरी काय?" खरं सांगू? भांडतो. शत्रू समोरच्या डोंगरावर असतो, पण तो काही रोज येत नाही. मग माणूस शेजारच्याशी भांडतो. कुणी भाजीतल्या मिठावरून, कुणी पत्त्यांवरून. आमच्या पोस्टवर भांडण चालायचं ते मेल्यावर माणसाचं काय होतं यावर. हसू नका. अख्खा एक हिवाळा आम्ही त्यावर काढला.

मी तेव्हा हवालदार होतो. हवालदार अमोस रणपिसे, राहणार सातारा. पोस्ट उत्तरेला, उंचावर. नाव सांगत नाही, सांगून तुम्हाला कळणारही नाही. दोन बंकर, स्वयंपाकाचा एक लंगर, भोवती तार आणि तारेला एकच गेट. पोस्ट कमांडर कॅप्टन साहेब केरळचे. वयानं आमच्यापेक्षा लहान, पण डोकं थंड.

एक सेक्शन माझा, दुसरा हवालदार शमुवेल होवाळेचा. शमुवेल जत तालुक्यातला, पार कर्नाटकाच्या कडेचा. उंच, काटक, आवाज असा की माळावरची मेंढरं आपोआप वळावीत. रागावला की कानडीत जायचा. "साकु!" म्हणाला की समजायचं, पुरे झालं, आता मार पडणार. आम्ही दोघंही ख्रिस्ती. पलटणीत त्याला मोठा पाद्री म्हणायचे, मला धाकटा. तुम्हाला वाटेल, एका धर्माचे, मग पटत असेल. छे! शास्त्र एकच असलं की भांडायला जास्त मजा येते.

शमुवेल त्याच्या गावच्या चर्चमध्ये सुट्टीवर गेला की उपदेश करायचा. त्याचं म्हणणं सरळ होतं. आत्मा मरत नाही. ज्यानं प्रभूला मानलं तो आत, ज्यानं नाही मानलं तो आगीत, आणि ती आग कधी विझत नाही. मला हे लहानपणापासून पटलेलं नव्हतं. माझ्या वडिलांचं साताऱ्यात सायकलचं दुकान होतं. पंक्चर काढता काढता त्यांनी मला शिकवलं की मेलेला माणूस झोपतो. शेवटचा कर्णा वाजला की सगळे उठणार, न्याय होणार, आणि जो प्रभूचा नसेल तो कायमचा संपणार. संपला म्हणजे संपला. त्याला जन्मभर, नव्हे जन्मानंतरही, भाजत ठेवायला देव काय भडभुंजा आहे?

"अरे, कोर्ट मार्शलमध्येसुद्धा शिक्षेला शेवट असतो," मी म्हणायचो. "माणूस पाप करतो साठ-सत्तर वर्षं. त्याला शिक्षा अनंतकाळ? हा कुठला न्याय?"

"गुन्हा कुणापुढं केला ते बघ की," शमुवेल म्हणायचा. "शिपायाला शिवी दिलीस तर एक शिक्षा. सीओ साहेबांना दिलीस तर तीच शिक्षा व्हईल व्हय? मग देवाला दिलीस तर?"

मुद्दा बिनतोड होता, लेकाचा. मी दोन दिवस उत्तर शोधत बसलो.

या भांडणाचा पंच होता लान्स नायक दत्ता माने. माझ्या सेक्शनचा, तासगावकडचा. घरी द्राक्षाची बाग आणि बेदाण्याची शेड. त्याची आई पार्सल धाडायची, त्यामुळे आख्ख्या पोस्टच्या खिशात बेदाणे असायचे. दत्ता गळ्यात देवीचा टाक घालायचा आणि बुखारीला, म्हणजे आमच्या रॉकेलच्या शेगडीला, पाठ लावून बसायचा. आम्ही थंड पडलो की तोच काडी घालायचा.

"शमुवेलदादा, म्हंजी मी नरकात जानार, हे नक्की?"

शमुवेल खोटं बोलायचा नाही. "शास्त्राप्रमानं, व्हय. म्हणून तर रोज सांगतोय तुला."

"आन् तिथं लय आग?"

"लय."

"मग माझं नाव आत्ताच लिवा गड्या! हितं बोटं झडायची पाळी आलीया."

बंकर हसून हसून लोळायचा. मग दत्ता गंभीर तोंड करून पुढं सांगायचा, "तुमच्यात लय कडक हाय बगा. एकच पेपर, नापास झाला की संपलं. आमच्यात तसं न्हाई. पुन्हा जन्म, पुन्हा पेपर. आमाला एटीकेटी हाय." कॉलेजात दोन वर्षं नापास विषय पुढं ढकलायच्या याच सवलतीवर काढून मग तो भरती झालेला, त्यामुळे विषय त्याचा अभ्यासाचा होता.

या दोघांच्या दोन गोष्टी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

दत्ता झोपला की मेल्यासारखा झोपायचा. पहाटे स्टँड-टू असतो, म्हणजे उजाडायच्या आधी सगळ्यांनी हत्यार घेऊन मोर्चात, म्हणजे खंदकात, उभं राहायचं. सगळे उठायचे, हा नाही. हाका, शिट्टी, सगळं वाया. शेवटी मी त्याच्या स्लीपिंग बॅगला बुटानं लाथ घालायचो. तेव्हा आतून आवाज यायचा, "आलो आलो, पाच मिन्टं." रोज. शमुवेल मला चिडवायचा, "अमोस, तुझ्या मतानं मेलेले झोपत्यात ना? मग शेवटच्या दिवशी कर्णा वाजंल, सगळं जग उठंल, आणि ह्यो घोरत पडंल."

दुसरी गोष्ट शमुवेलची. पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, परत आलं की पेट्रोल कमांडर गेटवर थांबतो आणि माणसं मोजून आत घेतो. सगळेच करतात. शमुवेल ते पूजेसारखं करायचा. प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. कितीही वारा असो, बोटं बधिर असोत, सगळे आत गेल्याशिवाय स्वतः पाय आत टाकायचा नाही. शेवटी स्वतःचा आकडा म्हणायचा आणि मग आत.

फेब्रुवारीत तीन दिवस बर्फ पडून उघडलं. चौथ्या सकाळी शमुवेल स्वतःसकट आठ जणांचं पेट्रोल घेऊन शेजारच्या पोस्टकडं निघाला. दोन्ही सेक्शनची माणसं होती, त्यात दत्ता. मी पोस्टवर, रेडिओ सेटजवळ. जाणं झालं. परतीला निघाल्याचा मेसेज आला. जेवणाची वेळ टळली होती, लंगरमध्ये खिचडी झाकून ठेवलेली. तेवढ्यात सेट खरखरला.

"स्लोप गिरा है. एक आदमी नीचे. ओव्हर."

कॅप्टन साहेबांनी हँडसेट घेतला. "कौन नीचे? ओव्हर."

"हवालदार शमुवेल. गले तक दबा है. दत्ता रस्सी लेके उतर रहा है. ओव्हर."

"बाकी सब किनारे रहो. हम आ रहे हैं. आउट."

मी माणसं, दोर, बेलचे आणि प्रोबच्या लांब सळया घेऊन निघालो. आम्ही अर्ध्या वाटेवर असताना उतार दुसऱ्यांदा घसरला. आवाज मोठा नव्हता. कुणीतरी मोठं पोतं ओढत न्यावं, तेवढाच.

पोचलो तेव्हा शमुवेल वर होता, दोराच्या टोकाला, ओठ निळे, पण जिवंत. दत्तानं खाली उतरून त्याला हातांनी उकरून काढलं, आपला दोर सोडून त्याला बांधला आणि वरच्यांना ओरडून ओढायला लावलं. शमुवेल वर येत असतानाच बर्फ पुन्हा आलं आणि दत्ता त्याखाली गेला.

आम्ही शोधत राहिलो. कॅप्टन साहेबांनी पेट्रोलच्या माणसांना पोस्टवर परत धाडलं, त्यांचे पाय वाचवायला. उन्हं उतरली तेव्हा माझी सळई कशाला तरी लागली. दत्ताच होता. चेहरा शांत, गालावर बर्फ. मला तर वाटलं, आता म्हणेल पाच मिन्टं. मी तिथंच बसून रडलो. माझा पूर्ण सेक्शन रडला, त्यात लाज कसली?

स्ट्रेचर घेऊन गेटवर आलो, तर शमुवेल तारेबाहेर उभा. पेट्रोलचे सहा जण त्यानं मोजून आत पाठवलेले, आणि स्वतः तिथंच. अंगावर कुणीतरी पार्का कोट टाकलेला. कॅप्टन साहेब आमच्या मागून येत होते, ते ओरडलेच.

"शमुवेल! अंदर क्यों नहीं गया? मरना है?"

"साब, गिनती पुरी नहीं है."

साहेब वाटेतून बाजूला झाले. स्ट्रेचर गेटपाशी आलं. शमुवेलनं दत्ताच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सात." आम्ही त्याला आत नेलं. मागून आवाज आला, "आठ." मग तो आत आला.

त्यानंतर शमुवेल वाद घालायचा बंद झाला. मी मुद्दाम खोड काढायचो, तो उठून जायचा. सुट्टीत त्याला गावच्या चर्चमध्ये उपदेशाला उभं केलं, तर अग्नीच्या वचनापर्यंत आला आणि पुस्तक मिटून खाली बसला. कारण मला ठाऊक होतं. ज्यानं त्याला ओढून काढलं, तो त्याच्या शास्त्राप्रमाणं कुठं असायला हवा? शास्त्र त्याला सोडवेना आणि दत्ताही सोडवेना.

मी एकदा म्हणालो, "माझं ऐक की लेका. दत्ता आगीत नाही, झोपलाय."

"आणि उठल्यावर?" तो म्हणाला. "तुझ्या मतानं न्याय झाला की जो आपला न्हाई त्यो संपणार. म्हंजी तू त्याला जाळत न्हाईस, नुसता पुसून टाकतोस. तुझी तरी कुठं सोय हाय अमोस?"

खरंच माझीही सोय नव्हती.

आम्ही दोघंही मागंपुढं रिटायर झालो. शमुवेलनं मेंढरं घेतली, मी साताऱ्यात वडिलांच्या दुकानात बसतो. दरवर्षी दत्ता गेला त्या तारखेला मी साताऱ्याहून एसटीनं, तो जतहून, तासगावला भेटतो आणि पुढं दत्ताच्या घरी जातो. दत्ताची आई जेवल्याशिवाय सोडत नाही. पुरणपोळी, कटाची आमटी आणि वर "काय मेलं खाताय, चिमणीवानी!"

गेल्या वर्षी जेवण झाल्यावर शेडमध्ये बसलो होतो. जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली, आई शेजारी बेदाणे निवडत होती. निवडता निवडता सहज म्हणाली, "एक इचारू? दत्ता फोनवर लय सांगायचा तुमच्या भांडणाचं. मेल्यावर माणूस कुठं जातो म्हणून तुमी भांडायचासा म्हणं. हसून हसून सांगायचा. एवढी वर्सं येताय, पण कवा बोलला न्हाईसा. मग सांगा की, माजा दत्ता कुठं हाय?"

मी चहा खाली ठेवला. मी शमुवेलकडं बघितलं नाही. हा माणूस खोटं बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं, आणि खरं बोलला तर त्या माउलीचं काय होईल?

शमुवेलनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "आई, आधी एक सांगायचं राहिलंय. कुणालाच सांगितलं न्हाई, ह्या अमोसला बी न्हाई. खाली बर्फात त्यो माझ्या कमरंला दोर बांधत हुता. मी म्हनलं, खुळ्या, दोर तुझा हाय, तू वर जा. तर म्हनला, 'दादा, तुमाला एकच पेपर हाय, तुमी आदी. मला काय, एटीकेटी हाय.'"

आई आधी फसकन हसली, मग पदर डोळ्याला लावला. "असाच बोलायचा मुडदा! कॉलेजचा निकाल लागला तवा बी हेच."

"कुठं हाय म्हणून इचारलंसा," शमुवेल पुढं म्हणाला. त्याचा माळावरचा आवाज पार खाली आला होता. "मला ठाऊक न्हाई आई. शास्त्रात जे लिवलंय ते मी खोडणार न्हाई, आणि दत्ता आगीत हाय असं माझ्या तोंडातनं निघणार न्हाई. एवढंच सांगतो. न्यायाच्या दिवशी तिथं बी गेट असंल. मी गेटवर उभा राहीन. मला आत बोलावलं तरी जाणार न्हाई. सांगीन, साब, गिनती पुरी न्हाई. माझ्या पेट्रोलचा सातवा आत आला, की मग आठवा."

"आन् देव रागावला तर?"

"रागावू दे. कॅप्टन साहेब बी रागावलेच हुते."

इतक्या वर्षांत शमुवेलशी माझं पहिल्यांदा पटलं, आणि तेही शास्त्रात कुठं बसतं ते आम्हा दोघांना सांगता येणार नाही. आमच्या आपापल्या चर्चचे पास्टर ऐकतील तर दोघांनाही बाहेर काढतील. काढू देत. आई पुन्हा बेदाणे निवडायला लागली होती. आता चेहरा मोकळा दिसत होता. मग एकदम तिचा हात थांबला.

"पर त्यो झोपला असंल तर? तुमी गेटवर उभं, आन् ह्यो तिकडं घोरतोय. ह्येला उठवनार कोन?"

"ते काम माझं, आई," मी म्हणालो. "रोजचंच होतं. बुटाची एक लाथ घातली की उठतो."

आईनं निवडलेल्या बेदाण्यांची एकेक मूठ आमच्या दोघांच्या खिशात कोंबली आणि मान हलवली.

"एकीनं न्हाई उठायचा त्यो. दोन घाला."