अंगणातली लांबरोटी

परवा एका लग्नात लांबरोटीचा स्टॉल होता. तापलेल्या मडक्याचा वास आला आणि मी थेट पन्नास वर्षांपूर्वीच्या, नागपुरातल्या आमच्या अंगणात पोचले.

आम्ही बौद्ध. माझी मैत्रीण शकू विणकरांच्या घरची. आमच्याकडचं पाणीसुद्धा तिच्या घरच्यांना चालत नसे, म्हणून ती आली की आम्ही दार लावून जेवायचो. एका दुपारी आईनं चूलच अंगणात मांडली, तिच्यावर मडकं पालथं घातलं आणि सैल कणीक कोपरापर्यंत लांबवत म्हणाली, "चोरी करून राहिल्या का वं पोरींनो? खायचं असन तं इथं बसून खा."

तेवढ्यात रस्त्यानं शकूची काकू आली. "शके, इथं काय करून राहिली वं?"

शकूनं रोटीचा मोठा तुकडा रश्श्यात बुडवला. "जेवून राहिली. तू पण ये, गरम हाये."

काकू तरातरा निघून गेली. शकूनं आणखी रोटी मागितली.

आईचं ते 'चोरी'चं बोलणं शकूला होतं, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण दर वेळी उठून कडी लावणारी तर मीच होते. त्या दिवसापासून जेवताना माझ्या घराचं दार लागलेलं नाही.